गुडघाभर पाण्याचा बंदोबस्त

गुडघाभर पाण्यात आमच्यापैकी कुणीही बुडालं नाही, याचं श्रेय मी आजही स्वतःकडेच घेतो.

केदारखेडा ही माझी सासुरवाडी. दिवाळीनंतर पूर्णेचं पाणी उतरलं, की आमच्या पोरांना नदीत खेळायचं असतं. गेल्या वर्षी सगळी तयारी मी अंगावर घेतली. बायको, म्हणजे सुनंदा, एवढंच म्हणाली, "माझं माहेर हाय. गावात हसू करू नका."

मी कशाला हसू करतो? काठीनं पाणी मोजलं. तळाचे दगड पायानं चाचपले. मग सासऱ्यांचा बैल बांधायचा लांब कासरा काढला आणि सगळ्यांच्या कमरेला ओळीनं बांधला. पुढं मी, मागं मुलगी, मग मुलगा, काठाकडं सुनंदा. (गाठी अशा आवळल्या, की मलाच माझं कौतुक वाटलं.)

"मामा, तुम्ही पण या."

"मी काय बैल हाय का, जावईबापू?" म्हणत सासरे घरी निघून गेले.

पाच मिनिटं झकास गेली. तेवढ्यात सुनंदा ओरडली, "अहो, शेळी भाकरी खाऊन राह्यली!" आणि काठावरच्या गाठोड्याकडं पळाली. तिच्या हिसक्यानं मुलगा बसला, त्याच्या हिसक्यानं मुलगी, आणि बंदोबस्त करणारा मी तर चांगला आडवाच झालो. उठेस्तोवर शेळीनं भाकरी संपवून ठेचा तेवढा आमच्यासाठी ठेवला होता.

"आता सोडा हे."

"सोडतो की."

दोर भिजून गच्च झाला होता. नखं लावली, दात लावले, गाडीची चावी लावली. गाठ हलेना.

"बाबा, तुम्हीच मारली ना?" मुलीनं विचारलं. (लेकरांना नको तेव्हा आठवण फार.)

शेवटी चौघं तसेच ओळीनं गावात शिरलो. हॉटेलापुढच्या बाकावरून एकानं विचारलंच, "पाव्हणे, कोणत्या बाजारातून आणले?"

मागून सुनंदा पुटपुटली, "गपगुमान चाला. मंग बघते."

दारात मामांनी आम्हाला खालून वर पाहिलं. आतून विळा आणला आणि चौघांना मोकळं केलं. हळहळले ते फक्त कासऱ्यासाठी.

यंदा दिवाळीला त्यांनी मला टॉवेल-टोपी दिली. सोबत कापडात गुंडाळून सुतळीनं बांधलेला नवा विळा. "नदीवर जातांनी जवळ असू द्या."

सगळं घर बघत होतं. मी ऐटीत सुतळीला हात घातला. गाठ काही सुटेना. कापायला विळा हवा होता, आणि विळा आत होता.