उंबऱ्याबाहेर घेतलेला जबाब

दामलेसाहेबांच्या ताटात तिसरा मांडा पडला तेव्हाच मी ओळखलं, की सुपडूची मदत गेली.

मांडा म्हणजे आमच्या खानदेशातली पुरणपोळी, पण दोन्ही हातांवर फिरवत फिरवत उपरण्याएवढी केलेली आणि मातीच्या पालथ्या खापरावर भाजलेली. सोबत आमरस, आमरसावर तूप. बसायला जाड गादी, टेकायला लोड, कोनाड्यात ट्रान्झिस्टर गातोय. आणि या घराला मदतीची खरोखर गरज आहे का, याची चौकशी करायला आम्ही धुळ्याहून एसटीने धूळ खात आलो होतो!

सत्तर सालाच्या आगेमागे मी धुळ्यातल्या एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर ट्रेडचा निदेशक होतो. निदेशक म्हणजे शिकवणारा. मुलं सर म्हणायची, खेड्यातले पालक मास्तर म्हणायचे. फिटरचं काम थोडक्यात सांगायचं तर लोखंडाचे दोन तुकडे कानशीने घासून असे जुळवायचे, की मधून उजेड दिसता कामा नये. पहिले काही महिने मुलं नुसतं घासत असतात. हाताला फोड येतात, निम्मी मुलं पळून जायच्या बेतात असतात. सुपडू मात्र मन लावून घासायचा. शिंदखेड्याकडच्या एका लहान गावचा, मिशी नुकती फुटलेला, बोलायला कमी. त्याने जुळवलेला जॉब, म्हणजे ते दोन तुकडे, मी उजेडाकडे धरायचो आणि काही न बोलता खाली ठेवायचो. माझ्याकडून एवढं कौतुक फार कमी जणांच्या वाट्याला आलं.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला तो पेटी घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, "सर, घरी जातो. आबांनी बोलावलंय. खानावळ थकली."

फिटरचा कोर्स दोन वर्षांचा. मधेच सोडला तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय कारखान्याच्या फाटकावर कोणी उभं करत नाही. म्हणजे गेलेलं वर्षही पाण्यात. मी त्याला पेटी खाली ठेवायला लावली आणि ऑफिसात जाऊन कुठून काय मिळतं ते विचारलं.

फी नावापुरतीच होती, त्यामुळे फी माफ होऊन उपयोग नव्हता. खरा खर्च जेवणाचा आणि खोलीचा. त्यासाठी सरकारी विद्यावेतन असायचं, आम्ही त्याला स्टायपेंड म्हणायचो, पण ते सगळ्यांना पुरत नसे. जे असे ते गरजू मुलांना, आणि गरजू कोण हे तलाठ्याच्या उत्पन्नाच्या दाखल्यावरून ठरायचं. तिथेच सुपडूचं घोडं अडलं. जमिनीच्या उताऱ्यावर, म्हणजे सातबाऱ्यावर, एकत्र कुटुंबाचे कर्ते म्हणून त्याच्या वडिलांचं नाव. जमीन कोरडवाहू आणि तिच्यावर चार चुलत्यांचे संसार चाललेले. पण वाटण्या कागदावर झालेल्या नव्हत्या. त्यामुळे तलाठ्याच्या हिशेबी ती सगळी जमीन एकट्या सुपडूच्या बापाची. अर्ज परत आला. मागासवर्गीयांच्या शिष्यवृत्तीत तो बसत नव्हता. वाटण्या नोंदवून नवा दाखला काढायचा तर तोवर सुपडूचा कोर्स संपून त्याला नातवंडं झाली असती.

उरला जळगावचा एक ट्रस्ट. मूळचं राजस्थानचं एक व्यापारी घराणं धंदा शिकणाऱ्या मुलांना मदत करायचं. त्यांना दाखला नको होता. त्यांचा माणूस घरी येऊन पाहणार, आणि खर्च झेपत नाही असा पालकाचा तोंडी जबाब लिहून त्यावर सही घेणार. माहिती खोटी निघाली तर अर्ज कायमचा बाद. हे पाहायचं काम दामलेसाहेबांकडे होतं. दामलेसाहेब म्हणजे निवृत्त मामलेदार. माणूस सज्जन, पण सगळी नोकरी शेतकऱ्यांचं रडगाणं ऐकण्यात गेल्यामुळे कशावरही चटकन विश्वास न ठेवणारा.

मी सुपडूबरोबर घरी निरोप धाडला, "साहेब घर बघायला येणार आहेत. काहीही करू नका." इथे गडबड झाली. 'काही करू नका' असं आमच्याकडे प्रत्येक पाहुणा म्हणतो. ते कोणी मनावर घेत नाही.

सुपडूचे वडील झुलाल, गावाचे आबा. डोक्यावर धुतलेली टोपी, अंगात परीटघडीचा सदरा, हात जोडून दारात उभे. जेवताना दामलेसाहेबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दूधदुभतं काय आहे?"

"दूधले काय तोटा, साहेब! बठ्ठं शे." बठ्ठं शे म्हणजे आमच्या अहिराणीत सगळं आहे.

"पीकपाणी?"

"देवनी दया शे."

मी डोळ्यांनी खुणावत होतो, खाकरत होतो. आबांना वाटलं मला ठसका लागला. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. सुपडू खाली मान घालून वाढत होता आणि त्याची माय चुलीपुढून आग्रह करत होती, "आखो एक मांडा ल्या, साहेब. लाजू नका."

त्या तांब्याकडे माझं लक्ष गेलं. लोखंड घासण्यात आयुष्य गेल्यामुळे धातूवरची अक्षरं माझ्या नजरेतून सुटत नाहीत. आपल्याकडे भांडं घेतलं की त्यावर नाव घालून घेतात, टाकीने ठोकून ठोकून. तांब्यावर नाव होतं चिंधाबाईचं. माझ्या ताटावर कुणा कैलासवासी माणसाच्या स्मरणार्थ. दामलेसाहेबांच्या पेल्यावर तर चक्क 'मारुती मंदिर' असं लिहिलेलं. आबांचं नाव एकाही भांड्यावर नव्हतं. मला हसू आलं. पण ज्याच्या घरी जेवतोय त्याची भांडी मागून आणलेली आहेत हे पंगतीत कसं बोलणार? मी आमरस संपवला.

गावाबाहेर निंबाखाली एसटी थांबायची. आबांना मी दारातच थांबवलं होतं. दामलेसाहेबांनी पेन काढलं.

"अपात्र," ते म्हणाले. "मास्तर, तुम्ही मला कशाला आणलंत इथे? माझ्या घरी ट्रान्झिस्टर नाही."

"त्यांच्याही नाही, साहेब. तुम्ही ज्या पेल्यातून पाणी प्यायलात तो मारुतीचा होता."

"म्हणजे?"

मी भांड्यांवरची नावं सांगितली. साहेबांचा विश्वास बसेना. "जेवताना ताट कोण वाचतं?" म्हणाले. मग पेनाला टोपण लावलं. "एसटीला वेळ आहे. चला, परत जाऊन बघू."

आम्ही गल्लीत शिरलो तर आबांच्या दारात बाया जमलेल्या. एक म्हणत होती, "माय वं, मना तांब्या कोठे शे?" कुणाच्या हातात ताटं, कुणाच्या काखेत लोड. ट्रान्झिस्टर एक पोरगा छातीशी धरून पळवत होता. शेजारच्या गड्याने गादी डोक्यावर घेतली होती. आत उघडी जमीन आणि एक बाज. चुलीपुढे सुपडूची माय आणि दोन बहिणी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी ठेच्याबरोबर खात होत्या. मांडे आमच्यापुरतेच केले होते.

आबांनी साहेबांना पाहिलं आणि ते त्या गड्यावर ओरडले, "थांब, थांब! पाहुणा परत वनात! गादी आठे टाक!" आणि त्याच्या डोक्यावरची गादी ओढून पुन्हा जमिनीवर अंथरायला लागले. गादी अर्धी उलगडली, अर्धी त्या गड्याच्या खांद्यावर.

"राहू द्या," दामलेसाहेब म्हणाले आणि जमिनीवरच बसले. मग त्यांच्यातला मामलेदार जागा झाला.

"झुलालराव, तुम्ही मला खोटी माहिती दिलीत. नियमाने अर्ज बाद होतो."

सुपडू दाराच्या चौकटीला धरून उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला. आता मला राहवेना.

"साहेब, तो नियम खोटी गरिबी सांगणाऱ्यांसाठी आहे. यांनी खोटी श्रीमंती सांगितली. त्यात ट्रस्टचं काय बुडालं?"

"तुम्ही फिटर आहात की वकील?"

"फिटरच. म्हणून फट दिसते."

साहेब जरा हसले. पण हट्टी माणूस. म्हणाले, "ठीक आहे. पण जबाब मला यांच्या तोंडून हवा. मनाने मी एक अक्षर लिहिणार नाही. झुलालराव, मुलाच्या शिक्षणाचा खर्च तुम्हाला झेपतो का?"

आबा उठले. "साहेब, चहा मांडू का?"

"चहा नको. खर्च झेपतो का?"

"मग ताक ल्या. ऊन फार शे."

साहेबांनी पुन्हा विचारलं. आबांनी सुपडूला ताकासाठी शेजारी पिटाळायला सुरुवात केली. मी हात जोडले, "आबा, नाही म्हणा. नुसतं नाही म्हणा!" ते माझ्याकडे केविलवाणे पाहत राहिले. शेवटी चुलीकडून सुपडूची माय पदर सावरत बोलली, "घरमा बठीसन ते असं म्हनाव नहीत, साहेब."

घरात बसून ते असं म्हणणार नाहीत, हे ऐकून दामलेसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग आबांकडे. चपला घातल्या आणि चालायला लागले. मला वाटलं, संपलं. या विक्षिप्त म्हाताऱ्याचा आणि त्या मानी म्हाताऱ्याचा, दोघांचाही मला संताप आला. दोघांच्या ऐटीत पोराचं वाटोळं होणार होतं.

या वेळी आबा आमच्याबरोबर निघाले. दोनदा आलेल्या पाहुण्याला दारातून निरोप देणं त्यांना पटलं नसावं. मागे सुपडू. गल्ली संपली, शेवटचं घर गेलं, निंब आला. दामलेसाहेब थांबलेच नाहीत. सडकेने आणखी पुढे गेले, मैलाच्या दगडापाशी उभे राहिले आणि वळले.

"झुलालराव, ही जागा कोणाची?"

"आठे? कोनीच नही, साहेब. सरकारी सडक शे."

"म्हणजे मी आता तुमच्या घरचा पाहुणा नाही. मी ट्रस्टचा माणूस, तुम्ही अर्ज करणारे. आता सांगा."

आबांनी मागे वळून गावाकडे पाहिलं. टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली. मग सुपडूकडे न बघता म्हणाले, "पोऱ्याले शिकाडानी मनी ऐपत नही, साहेब. औंदा पेराले बी उसनं आनेल शे. तुम्ही मदत करशात ते तो शिकी." एकदा सुरू झाल्यावर ते थांबेनात. बैल विकला तेही सांगितलं, माय आजारी असते तेही सांगितलं. आवाज अजिबात कापला नाही. मीच उगाच एसटी येते का ते पाहू लागलो.

साहेबांनी मैलाच्या दगडावर कागद ठेवून जबाब लिहिला, मोठ्याने वाचून दाखवला, आबांची सही घेतली. सही करून आबा म्हणाले, "घरमा पाहुणासमोर नही कसं म्हनू, साहेब?"

"तुमचं बरोबर आहे," दामलेसाहेब म्हणाले. "माझं चुकीच्या जागी विचारणं चाललं होतं."

मदत मंजूर झाली. सुपडूची पेटी पुन्हा त्याच्या खोलीत गेली. परीक्षेत तो चांगला पास झाला आणि जळगावच्या एका कारखान्यात लागला. पहिल्या पगारानंतर मला भेटायला आला, तेव्हा म्हणाला, "सर, त्या दिवशी आबा घरी आल्यावर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र मला म्हणाले, आता शीक."

दामलेसाहेबांनी ट्रस्टच्या नियमात एक ओळ घालून घेतली, की घर पाहावं, पण पालकाचा जबाब त्याच्या घरात घेऊ नये. ट्रस्टी मंडळींना ते विचित्र वाटलं, पण त्यांनी मान्य केलं. मी तर निवृत्त होईपर्यंत हेच पाळलं. कितीतरी बापांना मी एसटी स्टँडवर, टपरीमागे, संस्थेच्या फाटकाबाहेर नेऊन बोलतं केलं. गरज विचारायची तर माणसाला आधी उंबऱ्याबाहेर काढावं. आत तो यजमान असतो, आणि यजमानाला कधीच काही कमी नसतं.