पडद्याला पाठ

गावी राहिलेल्या आणि माझ्यासारख्याच निघून गेलेल्या सर्व आप्तेष्टांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, सौदी अरेबियात माझा खून झालेला नाही.

बारा वर्षांपूर्वी चिपळूणच्या स्टँडवर निरोप देताना आमच्या अण्णांना नेमकी याचीच खात्री वाटत नव्हती. इतरांचे वडील डोळे पुसतात. अण्णांनी गोष्ट सांगितली. जुन्या काळी अमेरिकेत, माळरानावरच्या वाटेवर, एक कुटुंब खानावळ चालवायचं. आई, बाप, मुलगा, मुलगी. खोलीत मधोमध कापडी पडदा. वाटसरूला पडद्याला पाठ लावून बसवायचं, मुलीनं गोड बोलायचं, आणि मागून हातोडा. प्रेतं परसबागेत. "कुणाकडेही जेव," अण्णा म्हणाले, "पण पाठीशी पडदा नको."

बुरैदाच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन म्हणून रुजू झालो. पहिल्याच महिन्यात, भर दुपारी, गावाबाहेर माझी टॅक्सी बंद पडली. शेजारच्या खजुराच्या बागेचे मालक अबू सालेह आले आणि नावगाव न विचारता मला घरी घेऊन गेले. त्यांची मजलिस, म्हणजे पाहुण्यांची बैठक, एवढी मोठी की आमचं अख्खं घर पडवीसकट तिच्यात मावलं असतं. पार टोकाला भिंतभर पडदा, त्याच्या पुढ्यात लोड-तक्के. माझी जागा तिथं. पडद्यामागे काहीतरी धाड धाड कुटलं जात होतं.

मी दारापाशी, चपलांजवळ बसलो.

त्यांनी हात धरून उठवलं. मी परत तिथंच. मग ते स्वतः माझ्याशेजारी चपलांत बसले. पाहुण्यापेक्षा मानाच्या जागी यजमान बसत नाही, हे मला कुठं ठाऊक? त्यांचे दोन भाऊ आले, तेही बसले. गालिचा सगळा मोकळा आणि आम्ही चौघं उंबऱ्यात खेटून. समोरचा गहवा, म्हणजे अरबी कॉफी, मी ओठांनाही लावला नव्हता. अबू सालेहांचा चेहरा उतरला. इंग्रजी येणारा त्यांचा मुलगा हळूच म्हणाला की, या घरातून पाहुणा कधी उपाशी उठलेला नाही; वडील विचारतायत, आमचं काय चुकलं?

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खरं ते सांगून टाकलं. अमेरिकेतली खानावळ, पडदा, हातोडा, बाग. मुलगा भाषांतर करत गेला. मागचं वेलदोडे कुटणं थांबलं.

आता बायको आणि मुलगीही इथं आहेत. "बाबा, यल्ला, वी आर लेट," म्हणत मुलगी दर शुक्रवारी मला त्याच मजलिसीत ओढून नेते. मी पडद्याला टेकून जेवतो. पलीकडे ती बायकांत बसून अरबीत खिदळते. अण्णा फोनवर अजून चौकशी करतात. त्यांना काय सांगू? मागे कोण आहे हे न बघता जिथं घास घेता येतो, ते घर. पूर्वी माझं असं एक होतं, आता दोन आहेत.

त्या पहिल्या दुपारी माझी गोष्ट संपली. मग पडद्याआडून अबू सालेहांच्या म्हाताऱ्या आईचा थरथरता आवाज आला. नातवानं मान खाली घालून मला सांगितलं:

"आजी विचारतेय, निदान पोटभर जेवू तरी घातलं होतं का त्या वाटसरूंना?"