विचारलंय, खा

हसन गेल्याचं मला ऑफिसात कळलं. सकाळचे दहा वाजले असतील. दोह्यात मुशैरिबमधल्या आमच्या ऑफिसात मी मीटिंगला उठत होतो आणि त्याच्या मुलीचा, सनाचा फोन आला. ‘‘अंकल, पप्पा इज नो मोर,’’ एवढंच म्हणून ती रडायला लागली. हमद पोर्टला ड्युटीवर जायला तो बूट घालत होता, तिथेच खाली बसला तो उठलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्याला माती दिली. सर्वांत जुना दोस्त म्हणून लोक मला पुढे बोलावत होते आणि मला पुढे जाववत नव्हतं. ते का, हे लिहायला मला दोन महिने लागले.

हसन रत्नागिरीकडचा मुसलमान, मी वसईचा ख्रिस्ती. लग्नाआधी अल हिलालमधल्या एका फ्लॅटमध्ये आम्ही चार वर्षं एकत्र काढली. ईस्टरआधीच्या आमच्या उपवासकाळात शुक्रवारी मटण-चिकन वर्ज्य असतं. मी ते कधी पाळायचो, कधी विसरायचो. हसन विसरायचा नाही. जुम्म्याच्या नमाजाहून येताना तो हमूर मासा आणायचा आणि त्या शुक्रवारी सगळ्या फ्लॅटला मासेच खावे लागायचे. एकदा मी चिकन सँडविच तोंडाला लावणार, तर हा किचनमधून ओरडला, ‘‘फ्रान्सू, मेल्या, ठेव ते खाली! तिकडे पोप उपाशी नि तू इथे हादडतोस?’’

पन्नाशी झाल्यावर कुठेतरी जाऊ, असं आमचं बोलणं होतं. स्पेन त्याने निवडला. आयुष्यभर कंटेनरच्या कागदांवर तिथल्या बंदरांची नावं वाचली होती. ‘‘माल येतो तिथून, माणसं कशी आहेत ती तरी बघू,’’ म्हणाला. बायका-मुलं सुट्टीत गावी होती, तेव्हा आम्ही दोघं पाच दिवस सेव्हिलला गेलो. इतका मोकळा मी त्याला कधी पाहिला नव्हता. रस्त्यारस्त्याला संत्र्यांची झाडं. त्याने एक तोडून खाल्लं आणि कडू लागल्यावर दिवसभर थुंकत फिरला. तिथल्या मोठ्या चर्चचा उंच मनोरा मुळात मशिदीचा. आत पायऱ्या नाहीत, उतारावरून गोल गोल चढत जायचं. वर पोचल्यावर हसन म्हणाला, ‘‘बघ, मनोरा आमचा, घंटा तुमच्या.’’ मी विचारलं, ‘‘आणि धापा?’’ ‘‘धापा कोकणच्या. खलास झालो रे.’’

जेवायचं मात्र जपून. तो फक्त मासे आणि भाज्या खायचा, त्यातही डुकराची चरबी किंवा वाइन नको. मी स्पॅनिशची दोन-चार वाक्यं पाठ केली होती, त्यामुळे विचारायचं काम माझं. प्रत्येक हॉटेलात मी काउंटरवर जाऊन विचारायचो, येऊन सांगायचो, मग तो बिस्मिल्ला म्हणून घास घ्यायचा. कागदात बांधलेले तळलेले मासे, मध घातलेली वांग्याची कापं... खाताना डोळे मिटायचा.

तिसऱ्या संध्याकाळी फ्लॅमेंको नाचाचा कार्यक्रम होता. सात वाजता दार बंद, उशिरा येणाऱ्याला प्रवेश नाही. आम्हाला चालून चालून भूक लागलेली. शेजारच्या लहानशा खाणावळीत ही गर्दी. काउंटरवर पालक आणि हरभऱ्यांची दाट भाजी दिसली. मी बोट दाखवलं, दोन प्लेटी घेतल्या. हसनने पाहिलं, ‘‘विचारलंस?’’ मी म्हणालो, ‘‘विचारलंय, खा.’’ विचारलं नव्हतं. रांगेत पुन्हा उभं राहायचा कंटाळा आला होता, एवढंच कारण. त्याने ब्रेडने प्लेट पुसून खाल्ली आणि मागून आणखी घेतली.

कार्यक्रम एका घराच्या चौकात होता. लाकडी फळ्यांचा मंच, पन्नासेक खुर्च्या. नाचणारी बाई आमच्याच वयाची. तिच्या टाचांचा ताल धरून हसन टाळ्या वाजवायला लागला, तर शेजारच्या म्हातारीने त्याचा हात धरून खाली ठेवला. टाळ्या वाजवणं हे तिथे कलाकारांचं काम. तो लहान मुलासारखा ओशाळला. मग गाणाऱ्याने एकट्याने सूर लावला आणि हसनच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘‘फ्रान्सू, ह्याचं कुणीतरी गेलंय रे,’’ हळूच म्हणाला. मी मान हलवली. माझं लक्ष त्या प्लेटीत अडकलं होतं.

सकाळी तो झोपलेला असताना मी त्या खाणावळीत गेलो आणि विचारलं. मालकीणबाई छान हसली, छताला टांगलेल्या डुकराच्या तंगडीवर थाप मारली आणि खुणेने दाखवलं, हिचं हाड पाण्यात उकळून त्या पाण्यात भाजी शिजवतो. म्हणूनच चव येते.

मी परत आलो आणि काही बोललो नाही. शेवटच्या दिवशी तो म्हणाला, ‘‘तिथेच जाऊ ना, त्या पालकवालीकडे.’’ मी म्हणालो, ती आज बंद आहे.

दोह्याला आल्यावर त्याने बायकोकडून, जैनबभाभींकडून, ती भाजी करून घेतली. नंतर ती दर महिन्याला व्हायची आणि मला बोलावणं यायचं. ‘‘फ्रान्सूने शोधली,’’ असं तो पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा. मी चर्चमध्ये पापनिवेदन केलं. फादर म्हणाले, ‘‘मला काय सांगतोस, त्याला सांग.’’ दर वेळी मी ठरवून जायचो आणि जेवून यायचो. तो दुखावेल म्हणून गप्प आहे, अशी मी स्वतःची समजूत काढली होती. खरं म्हणजे, पुढच्या वेळी ‘विचारलंस?’ म्हणून तो माझ्याकडे बघणार नाही, याची मला भीती होती.

मागच्या शुक्रवारी मी त्यांच्या घरी गेलो. भाभी इद्दतमध्ये आहेत, नवरा गेल्यावरचे ते चार महिने बाई परपुरुषासमोर येत नाही. सनाने मला हॉलमध्ये बसवलं आणि भाभी आतल्या दाराच्या पडद्यामागून बोलत होत्या. मी सगळं सांगितलं.

‘‘फ्रान्सिसभाई,’’ मग त्या म्हणाल्या, ‘‘त्यांनी तुमच्या शब्दावर खाल्लं. त्यांच्यावर त्याचा गुन्हा नाही. तो तुमच्यावर.’’

‘‘हो भाभी.’’

‘‘सांगायचं होतंत. ते ओरडले असते. आठ दिवस तुमच्याशी बोलले नसते. नवव्या दिवशी त्यांनीच फोन केला असता... ओळखता ना तुम्ही त्यांना?’’

ओळखत होतो. पंचवीस वर्षं ओळखत होतो आणि आठ दिवसांना घाबरलो.

त्यांनी मला जेवून जा म्हटलं नाही. त्या घरातून न जेवता मी पहिल्यांदाच निघालो. नंतर आठ दिवस मी फोन केला नाही, त्यांचाही आला नाही. हा लेख तिथेच संपवणार होतो. पण आज शनिवारी दुपारी सनाचा फोन आला.

‘‘अंकल, मम्मा इज आस्किंग, नेक्स्ट फ्रायडे लंचला येणार ना?’’

‘‘येतो म्हणून सांग.’’

फोन हातात धरून ती आत काहीतरी बोलली. मग मला विचारलं, ‘‘शी वॉन्ट्स टू नो, ती पालकवाली भाजी केली तर खाणार का तुम्ही?’’

मी हो म्हणालो.