शेजारघरचं बियाणं

सावली तालुक्यातल्या त्या गावात मी लग्न होऊन गेले, तेव्हा आमच्या मोहल्ल्यातल्या बायांची विहिरीकाठी एक सामाईक वाडी होती. बांबूच्या खांबांवर एकच लांबलचक मांडव. हिवाळ्यात त्यावर वाल चढायचे. खाली भेदरे, म्हणजे टमाटे, आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. फाल्गुनात वेल वाळले की त्यांच्यावरच जांभळीच्या फांद्या अंथरायच्या आणि त्या सावलीत भर वैशाखातही पालक खुडायचा. मृगाच्या तोंडावर तो पाला उतरवला की पावसाळी दोडकी वर चढायला मोकळी. बाराही महिने ताटात हिरवं असे. आता फ्रीजमधली मलूल कोथिंबीर निवडताना तिथल्या सांबाराचा वास आठवतो आणि जीव कासावीस होतो.

त्या वाडीत एक रीत होती. आपलं बियाणं आपल्या घरी ठेवायचं नाही. फाल्गुनात ते राख चोळून मडक्यात भरायचं आणि दुसरीच्या घरी द्यायचं. घरात काही नसलं की माणूस स्वतःचं बी खातो, दुसऱ्याच्या बियाला हात लावत नाही, असं त्या बाया म्हणत. मी चंद्रपूरची, मॅट्रिक झालेली. मला हसू आलं होतं.

आमच्या घरी मडकं आलं ते शेजारच्या म्हातारीचं. सगळे तिला मोठी माय म्हणत. जांभळ्या काठाचे वाल होते. तिने ते वरोऱ्याकडच्या माहेराहून आणले होते, आणि ते माहेर कोळशाच्या खाणीत गेलं होतं. घर नाही, विहीर नाही. राहिले होते ते एवढे वाल.

बुद्धपौर्णिमेला माझ्या माहेरचे पाहुणे न सांगता आले. सासूबाई गावाला गेलेल्या, डाळीचा डबा रिकामा. मूठभर काढले तर काय बिघडतं, म्हणून मडक्यात हात घातला. पाहुणे वाढत गेले, मुठीही वाढत गेल्या. राख धुताना तरी अक्कल यायला हवी होती. पाहुणे बोटं चाटत जेवले आणि मी हुरळून वाढत राहिले.

नंतर पाहिलं तर मडक्यात एक दाणा उरला नव्हता. सावलीच्या बाजारातून दुसरे वाल आणले, राख चोळली, मडकं भरून ठेवलं. कोणाला काय कळणार!

पाला उतरवायच्या दिवशी मोठ्या मायने मडकं मागितलं. चार दाणे तळहातावर घेऊन पदराने पुसले.

"हे माहे नाईत."

 मी सगळ्यांसमोर रडत खरं काय ते सांगितलं.

"माह्या घरून डाळ काऊन नाई नेली वो?" एवढंच ती म्हणाली आणि खाली बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

 काहीतरी करायचं म्हणून मी मांडवावर चढले आणि फांद्या उपसू लागले. खालचे जुने वेल चुरगळून पडत होते. एका खांबाच्या बेचक्यात, पाल्याखाली, वाळलेली एक शेंग अडकली होती. खाली उतरून ती तिच्या हातात दिली. तीन दाणे निघाले. एक किडका, दोन चांगले, जांभळ्या काठाचे.

तिने स्वतः ते लावले. माझ्याशी मात्र बोलली नाही. पावसाने दडी मारली की मी सगळ्यांच्या आधी विहिरीवर जायची आणि त्या दोन वेलांना पाणी घालायची. हिवाळ्यात ते मांडवभर पसरले. त्यांची एकही शेंग तिने खुडू दिली नाही, सगळ्या बियाण्याला ठेवल्या.

पुन्हा फाल्गुन आला. मडकी इकडून तिकडे जाऊ लागली. तिचं यंदा कोणाकडे जाणार, हे विचारायची माझी छाती नव्हती. मी आपली अंगण झाडत होते. मोठी माय शेजारून आली आणि राखेने भरलेले हात पुढे करून मडकं माझ्या कडेवर दिलं.

"तुह्याच घरी ठेव. बाकीच्यायचा काई भरोसा नाई. तू मात्र आता उपाशी राहशीन, पण याले हात नाई लावणार."