मोहरीची तडतड

दत्ताराम पाताडे म्हणजे भटवाडीतला भोंगा. ते बायकोच्या कानात काही सांगायला गेले, तर चार घरं सोडून राहणाऱ्यांनाही ते कळे. यात त्यांचा दोष नव्हता. उमेदीची वर्षं गिरणीत गेली. खडाड्‌खट्, खडाड्‌खट् करत कापड विणणाऱ्या साच्यांनी त्यांचे कान खाल्ले. गिरणी बंद पडली, पण कान काही परत मिळाले नाहीत. मुलाने कानाला लावायची मशीन आणून दिली, तर तिच्यात नुसती शिट्टी वाजायची. ती कपाटात गेली.

स्वयंपाकघरात ते जायचे ते पाणी प्यायला. पण यंदा त्यांची बायको वनमाला पोटातल्या गाठीने अंथरुणाला खिळली. "घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला," एवढंच डॉक्टर म्हणाले. तिला आवडत होती फक्त कुळथाची पिठी. शेजारच्या शकुने वाटी आणली, तर वनमालाने ती परत पाठवली.

"ह्यांच्या हातची होयी," ती म्हणाली.

हा लाड नव्हता. आपण गेल्यावर हा माणूस खाणार काय, हा तिला घोर होता. जायच्या आधी त्यांना एक तरी पदार्थ नीट करता यायला हवा होता.

अडचण अशी की आपल्या स्वयंपाकाची भाषा सगळी कानाची. मोहरी तडतडते, लसूण चुरचुरते, आधणाचं पाणी खळखळतं, पिठी रटरटते. वनमाला बाहेरच्या खोलीतून ओरडायची, "तडतडली काय?" आणि दत्ताराम कढईवर वाकून उत्तर द्यायचे, "पडली? नाय गो, काय पडूक नाय!"

एकदा ती म्हणाली, "सोलां घाला." कोकमाची सोलं डोळ्यांसमोर बरणीत होती. दत्तारामांनी फळीवरचा सोडा काढला आणि चमचाभर घातला. पिठी फसफसून वर आली, कढईतून उतरली आणि शेगडी विझवून थांबली.

"सोलां सांगितलंय ओ, सोडो नाय!"

"सोडाच घातलंय!" दत्ताराम अभिमानाने ओरडले.

वनमाला इतकी हसली की उचकी लागली, नि मग पोट धरून बराच वेळ कळवळत पडली. दत्ताराम हातात सोड्याचं पाकीट घेऊन उभे राहिले. हसावं की रडावं, कळेना.

मग तिने युक्ती काढली. खाट दारासमोर सरकवून घेतली. आत मोहरी तडतडली की ती बोट वर करायची आणि दत्ताराम लसूण टाकायचे. तिचे कान, त्यांचे हात. शकु भिंतीपलीकडून ओरडायची, "काका, आज काय वास सुटलाय यार!" ते त्यांना कुठलं ऐकू यायला!

पण बोट दिवसेंदिवस जड होत चाललं.

"माझां बोट काय तुमका जल्मभर पुरतलां?" एका सकाळी तिने त्यांना जवळ ओढून कानात सांगितलं. "डोळ्यान बघा. मोहरी पयली गप बसता, मगे उड्या मारूक लागता. उडी मारली काय लसूण घाला."

खरं तर त्यांना ते केव्हाच कळायला लागलं होतं. तरी मान दाराकडे वळायचीच. शिकलो म्हणजे हिला निघायला मोकळीक दिली, असं काहीसं त्यांच्या मनात होतं.

"आज माझ्याकडे बघूचा नाय," ती म्हणाली. "शपथ हा."

दत्ताराम आत गेले. तेल तापवलं, मोहरी टाकली. मान वळायला लागली, ती त्यांनी दात आवळून धरली. दाणे गप्प बसले होते. मग एकाने उडी मारली, दुसऱ्याने मारली आणि कढईभर नाच सुरू झाला. त्यांनी ठेचलेली लसूण टाकली, कांदा परतला, पाणी ओतलं, सोलं घातली. सोलंच, बरणी दोनदा बघून. मग कालवलेलं पीठ. गुठळी एक नाही.

वाटी घेऊन ते बाहेर आले.

"आयकलंस काय गो?"

वनमालाचा हात चादरीवर होता. बोट खालीच होतं. डोळे दाराकडे लागलेले होते, पण ते बघत नव्हते.

त्यांची हाक ऐकून शकु धावत आली. तिने काकूंचं मनगट धरून पाहिलं, नाकापाशी हात नेला आणि तोंडाला पदर लावून भिंतीला टेकली. दत्ताराम वाटी धरून खाटेशी बसून राहिले. पिठीवर साय धरली.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात, "शकु, मोहरी तडतडली काय गो?"

शकु "हो" म्हणाली. मग आठवलं, की यांना ऐकू येत नाही. तिने त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "तडतडली ओ काका. एकदम झकास. माझ्या घरात ऐकू आली."

दत्ताराम भिंतीकडे बघत राहिले, मग खाटेपासून कढईपर्यंतच्या जागेकडे.

"भिंतीपलीकडे तुका आयकाक इली," ते म्हणाले, "मगे हिकापण इली असतली. नाय?"