मुलीनं केलेलं भाषांतर

आमची मुलगी पाच वर्षांची होती, तेव्हा तिला दोन भाषा सारख्याच येत होत्या. मराठी आमची आणि कन्नड खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंची, अक्कांची. आम्ही दोघं इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. शाळा सुटली की ती एचएसआर लेआउटमधल्या आमच्या घरी वर न येता खालीच थांबायची. अक्कांकडे जेवायची, त्यांच्या मांडीवर झोपायची.

सासर नागपूरचं, माहेर पुण्याचं. दोन्हीकडे मराठीखेरीज दुसरी भाषा नाही. पोरगी फोनवर मध्येच 'बरं'ऐवजी 'सरी' म्हणाली की पलीकडे हशा पिकायचा. "परत म्हण ना, परत म्हण!" माकडाचा खेळ चालावा तसं. ती बावचळून जायची आणि मला शिसारी यायची.

त्या वर्षी मोठे भाऊजी, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, कामासाठी येऊन आमच्याकडे उतरले. रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो. पाहुणे आलेत म्हणून अक्का चित्रान्न घेऊन वर आल्या. लिंबाचा पिवळाधमक भात, वर तळलेले शेंगदाणे. त्यांनी स्वतःच्या हातानं भाऊजींना वाढलं. मुलगी त्यांना बिलगून काहीतरी सांगायला लागली.

"काय यंडुगुंडू लावलं वं पोरी?" भाऊजी हसले. मग अक्कांकडे बघत, तोंडभर घास घेऊन म्हणाले, "हे लोक ना, कोपरापर्यंत ओघळ आणत जेवतात. जनावरं बरी. आणि आपली पोर यांच्याच ताटात वाढून राहिली!"

ओठाला भाताचं शीत चिकटलेलं, बोटं तेलानं पिवळी झालेली. तीच बोटं चाटत त्यांनी पुन्हा भातात घातली. नवरा ताटात बघत किंचित हसला. त्याच्या त्या हसण्याची मला जास्त किळस आली.

अक्कांना मराठी येत नव्हती. दोघं हसताहेत म्हणून त्याही हसल्या आणि मुलीला विचारलं, "एनु हेळ्तिद्दारे, पुट्टी?" काय म्हणताहेत गं, बाळा?

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मग तीच म्हणाली, "तुंबा चन्नागिदे अंते." खूप छान झालंय म्हणताहेत.

अक्कांचा चेहरा फुलला. "स्वल्प, स्वल्प," म्हणत त्यांनी भाऊजींना आणखी वाढलं. भाऊजींनी तेही मिटक्या मारत खाल्लं.

अक्का खाली गेल्या. मी उठले आणि भाऊजींच्या पुढ्यातलं ताट उचललं.

"अगं, जेवून राहिलो ना मी!"

"बास झालं."

"काहून? काय झालं?"

"तुमची घाण झाकायला माझी मुलगी आत्ता खोटं बोलली."

"गंमत केली बावा. तिला कुठं समजलं?"

"तिला समजलं," मुलीकडे बोट करून मी म्हणाले, "म्हणून तर तिनं बदललं."

नवरा पुटपुटला, "दादाचा स्वभावच तसा आहे." त्याच्याशी बोलायची मला इच्छा झाली नाही. मी ताट सिंकमध्ये उपडं केलं आणि हात पुन्हा पुन्हा साबणानं धुतले. मग मुलीला जवळ घेऊन सांगितलं, की असलं काही पुन्हा कुणाला सांगायची वेळ आली, तर तिनं सांगायचं नाही. ते काम माझं.

"पण अक्का रडल्या असत्या," ती म्हणाली.

भाऊजी दुसऱ्या दिवशी हॉटेलात राहायला गेले. नागपुरात बातमी पोचली, की सुनेनं दिराला भरल्या ताटावरून उठवलं. का उठवलं, हे कुणी विचारलं नाही.

दिवाळीत भाऊजींचा व्हिडिओ कॉल आला. नवऱ्यानं फोन मुलीसमोर धरला.

"काय वं, मोठ्या बाबांशी बोलत नाही? मराठी विसरली का?"

"येते मला मराठी," ती म्हणाली, "पण तुमच्याशी नाही बोलायचं."

नवऱ्यानं तिला दटावलं नाही. खाली मान घालून त्यानं फोन बंद केला. पलीकडून पुन्हा रिंग वाजत राहिली. त्यानं उचलला नाही.