घरची प्रत

कंपनीत त्याला सगळे कानसेन म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि त्याला ते आवडायचंही. गाण्यांच्या कंपनीत ध्वनिमुद्रक म्हणून नोकरी करणाऱ्या माणसाला याहून मोठी पदवी कोण देणार? त्याच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एवढंच विचारलं होतं, "पगारात धरतात का रे ते?"

हा किताब त्याला उगीच मिळाला नव्हता. त्या दिवसांत कंपनीची झोप उडाली होती. नव्या गाण्यांची सीडी दुकानात पोचायच्या आत ती गाणी इंटरनेटवर हजर व्हायची. कोण कुठला माणूस ती आपल्या संगणकावरून वाटायचा, जगभरचे लोक फुकटात उतरवून घ्यायचे, आणि दुकानदार सीडीचे गठ्ठे जसेच्या तसे परत पाठवायचे. साहेब बैठकांवर बैठका घ्यायचे. वकील यायचे, बिस्किटं संपवून जायचे. शेवटी तोडगा काढला तो आपल्या कानसेनने.

सीडी बाजारात येण्याआधी काही प्रती रेडिओवाल्यांना, वर्तमानपत्रातल्या परीक्षकांना आणि बड्या दुकानदारांना पाठवायची रीत होती. गाणी फुटायची ती तिथूनच. कानसेनने काय केलं, तर प्रत्येक प्रतीत एकेक बारीक आवाज लपवला. रेडिओच्या प्रतीत खुर्चीची करकर, परीक्षकाच्या प्रतीत ग्लासात फिरणारा चमचा, दुकानदाराच्या प्रतीत किल्ल्यांचा जुडगा. सगळं इतकं हळू, की ढोलाखाली नाहीतर तारांच्या मागे कुणाच्या लक्षातही येऊ नये. म्हणजे इंटरनेटवरच्या गाण्यात चमचा वाजला, की परीक्षकाला धरायचं. तसा एक परीक्षक सापडलाही. गाणं त्याच्या मेहुण्याने वाटलं होतं म्हणे. तेव्हापासून कानसेनची कॉलर जी ताठ झाली ती इस्त्रीशिवाय ताठच राहिली.

घरी जेवताना तो चोरांवर बोलायचा. ही माणसं घरबसल्या दुसऱ्याच्या कष्टावर डल्ला कशी मारतात, त्यांना लाज कशी वाटत नाही, वगैरे. बायको आणि अप्पा ताटात डोळे घालून ऐकायचे. दोघं इतकी गप्प का बसतात, हा प्रश्न त्या सुप्रसिद्ध कानांना कधीच पडला नाही.

अप्पा व्हायोलिन वाजवायचे. उभा जन्म त्याच कंपनीच्या स्टुडिओत, वादकांच्या मागच्या रांगेत गेला. किती गाण्यांत वाजवलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कव्हरवर गायिकेचं नाव असायचं, संगीतकाराचं असायचं, खाली कोपऱ्यात छापखान्याचंही असायचं. व्हायोलिनवाल्याचं नसायचं. अप्पांना एक खोड होती. गज तारेवर टेकवण्याआधी ते नाकाने असा काही श्वास ओढायचे, की मायक्रोफोन दचकायचा. काचेपलीकडून प्रत्येक ध्वनिमुद्रक ओरडायचा, "अप्पा, नाक!" अप्पा मान डोलवायचे आणि पुढच्या वेळी परत ओढायचे. पुढे काचेपलीकडे त्यांचाच मुलगा बसायला लागला. तो ओरडायचा नाही. तो गुपचूप तेवढा श्वास कापून टाकायचा.

आता अप्पांची बोटं आखडत चालली होती. सकाळी शर्टाची बटणं लावायलाच वेळ लागे. म्हणून नव्या सीडीतल्या एका गाण्यात, दोन कडव्यांच्या मधला छोटासा तुकडा अप्पांना द्यावा, असं कानसेनने साहेबांच्या मागे लागून मान्य करून घेतलं. अप्पा जुना कोट घालून आले. पुन्हा पुन्हा वाजवावं लागलं. पण शेवटी तो तुकडा असा उतरला, की बाकीचे वादक वाद्यं मांडीवर ठेवून ऐकत बसले. अप्पांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं, पेटीची कडी लावली आणि म्हणाले, "झालं आपलं." हे शेवटचं, हे तिथे सगळ्यांना कळलं.

बाहेर पाठवायच्या प्रती तयार करताना कानसेनने सवयीने श्वास कापला. खुर्ची, चमचा, किल्ल्या जागच्या जागी घातल्या. मग एक प्रत घरासाठी केली, ती मात्र तशीच ठेवली. घरच्या माणसांवर कसली खूण ठेवायची? आणि श्वासही कापला नाही. का, ते त्याने स्वतःलाही सांगितलं नाही.

प्रती पोचल्या आणि आठवड्याभरात साहेबांनी बोलावलं. "रेडिओवाले म्हणतायत गाणं लांबतंय. मधलं ते व्हायोलिन उडवा."

कानसेनने उडवलं. नोकरी होती, काय करणार? अप्पांना त्याने चहाच्या कपात बघत सांगितलं. अप्पा "बरं" म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्र मागितलं. भांडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंसं "बरं" पुढे कितीतरी दिवस त्याला टोचत राहिलं.

सीडी निघायच्या तोंडावर व्हायचं तेच झालं. गाणं इंटरनेटवर आलं, तेही व्हायोलिनसकट. साहेबांच्या खोलीत साहेब, विक्रीवाला आणि वकील असे तिघं बसले होते. वकिलाने नोटिशीचा मसुदा तयारच आणला होता, फक्त नाव घालायचं बाकी होतं. कानसेन आला, त्याने हेडफोन चढवला, डोळे मिटले. त्याला हे क्षण फार प्रिय होते.

खुर्ची नाही. चमचा नाही. किल्ल्याही नाहीत. पहिलं कडवं संपलं, आणि व्हायोलिन सुरू होण्याआधी कुणीतरी नाकाने श्वास ओढला.

तो श्वास त्याने पाळण्यात असल्यापासून ऐकला होता. शेजारच्या खोलीत रियाज सुरू व्हायचा तो आधी त्या श्वासाने, मग सुराने.

"खुर्ची की चमचा?" साहेबांनी विचारलं.

"पुन्हा एकदा ऐकतो."

त्याने पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. विक्रीवाला घड्याळ बघायला लागला, वकिलाने पेनाचं टोपण काढून परत लावलं.

"साहेब, यंत्रावर तपासावं लागेल. उद्या सांगतो." नोकरीतलं हे त्याचं पहिलं खोटं. ज्या कानांच्या जिवावर कमावलं ते दोन्ही कान लाल झाले, पण सुदैवाने ते हेडफोनखाली होते.

घरी आला तर अप्पा संगणकासमोर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. शेजारी सूनबाई. पडद्यावर गाण्यांची नावं ओळीने, आणि प्रत्येक नावापुढे एक निळी पट्टी हळूहळू भरत चाललेली. चोरांचा तो कुप्रसिद्ध अड्डा कानसेनने आजवर कचेरीतल्या संगणकावरच बघितला होता. आपल्याच बैठकीच्या खोलीत, आपल्याच पगाराच्या विजेवर तो चाललेला बघून कानसेन चपला न काढताच पडद्याजवळ गेला.

"ये, बस," अप्पा म्हणाले. "हे बघ काय सापडलं. तुझ्या जन्माच्या वर्षीचं गाणं. मधे मीच आहे."

"अप्पा, हे कधीपासून चाललंय?"

"सूनबाईने लावून दिलं. चांगली सोय आहे. मी आधी तुमच्या कंपनीत विचारलं होतं हो, माझ्या जुन्या गाण्यांच्या टेपा ऐकायला मिळतील का म्हणून. ते म्हणाले, जागा अडवत होत्या म्हणून टाकून दिल्या. आणि या लोकांनी बघ, एकेक जुनी तबकडी धुऊनपुसून ठेवलीय. इथे सगळा मी सापडतो."

"आणि परवाचं नवीन गाणं? ते तुम्हीच दिलंत?"

"दिलं की. इथली रीतच आहे तशी. नुसतंच घेणाऱ्याला रांगेत मागे ढकलतात. घेतलं की द्यायचं. आता माझ्याकडे द्यायला दुसरं काय होतं? जुनं सगळं यांच्याकडूनच घेतलेलं."

"मी म्हटलं होतं, आधी यांना विचारू," बायको हळूच म्हणाली.

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असता," अप्पा म्हणाले. "मग द्यायचं कसं?"

कानसेन खुर्चीत बसला. "अप्पा, माझी नोकरी जाईल."

अप्पांनी चष्मा काढला. आता कुठे त्यांचा चेहरा उतरला. "माझ्या डोक्यातच आलं नाही रे," ते म्हणाले. "तू म्हणालास ना, ते कापून टाकलं. मला वाटलं, म्हणजे आता ते कंपनीचं राहिलंच नाही. त्यांनी टाकलं, म्हणून मी उचललं."

कानसेनला फार वाईट वाटलं. चोर पकडायला आलेल्या माणसाला वाटू नये इतकं. कात्री तर त्याच्याच हातात होती.

बायकोने पडदा त्याच्याकडे वळवला. गाण्याखाली लोकांनी लिहिलं होतं. हे व्हायोलिन कुणाचं, असं कुणीतरी विचारलं होतं, आणि खाली एका अनोळखी माणसाने अप्पांचं नाव बरोबर लिहिलं होतं, आडनावासकट. अजून एकाने लिहिलं होतं, "सुरू करण्याआधी ते श्वास घेतात तो ऐकलात का? जुन्या गाण्यांतही कधीकधी कापायचा राहून गेलाय."

आपल्याखेरीज हे कुणाला ऐकू येत नाही, अशी कानसेनची आजवर पक्की समजूत होती. म्हणून नाही म्हटलं तरी त्याला थोडा राग आलाच.

दुसऱ्या दिवशी अप्पा जुना कोट चढवून दारात उभे. "मीही येतो. गुन्हा माझा, बोलणी तू का खाणार?" बापलेक साहेबांच्या खोलीत शिरले आणि कानसेनने सगळं सांगून टाकलं. वकिलाने आनंदाने पेनाचं टोपण काढलं, समोरचा म्हातारा बघितला आणि परत लावलं.

साहेब फोनवर होते. फोन ठेवल्यावर ते आधी कानसेनवर चिडले, मग अप्पांवर, मग ज्याचा फोन आला होता त्या दुकानदारावर. तो म्हणे सांगत होता, गिऱ्हाइकं आत्तापासून विचारतायत, सीडीत व्हायोलिनवालं गाणं आहे ना? बिनव्हायोलिनचं असेल तर नको, फुकटातलंच बरं.

"चोर घरात आणि हे चालले पहारा द्यायला," साहेब म्हणाले. "आजपासून खुणाबिणा बंद. ते काम मी बाहेरच्या माणसांना देतो. तुम्ही आपलं ध्वनिमुद्रण बघा." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "आणि ते व्हायोलिन परत घाला."

नोकरी वाचली, किताब गेला. कानसेनला ते लागलं, पण त्याने धीर करून विचारलं, "कव्हरवर नाव?"

"कव्हर छापून झालंय."

अप्पा "बरं" म्हणाले. पण हे बरं वेगळं होतं. त्यांचं नाव कुठे लिहिलं गेलंय ते त्यांना माहीत होतं.

सीडी निघाली. कानसेनने दुकानात रांग लावून, रीतसर विकत घेऊन एक घरी आणली. अप्पा कव्हर उलटसुलट करून म्हणाले, "छापखान्याचं आहे हो." मग तिघं ऐकायला बसले. पहिलं कडवं संपलं, आणि श्वास आला, अगदी स्पष्ट.

अप्पांनी मान वळवली. "कापायचा राहिला रे तुझा."

"राहू दिला."

"साहेबांना कळलं?"

"त्यांना नाही ऐकू येत."

अप्पांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. कडवं संपत आलं तसे ते खुर्चीत सरळ झाले, आखडलेली बोटं गुडघ्यावर मांडली गेली, आणि नेमक्या त्या जागी त्यांनी नाकाने श्वास ओढला. त्यातला यंत्रातला कुठला आणि खुर्चीतला कुठला, हे कानसेनला सांगता आलं नाही. त्याने ते ओळखायचा प्रयत्नही केला नाही. तो फक्त अप्पांच्या बोटांकडे बघत राहिला.